विसावा दिवस

मे महिन्यात अमरावती रोडवर डांबर चपलेला चिकटतं,
आमच्या प्राणीघरात मात्र बावीस अंश.
लाइन गेली की इस्तारी आधी जनरेटरकडे धावतो,
मग पिंजरा क्रमांक सतरा बघून येतो,
मग माझा पंखा.

सतरामध्ये आठ पिल्लं.
सालासकटच्या शेंगदाण्यासारखी गुलाबी,
पोटावर पांढरा डाग. तो डाग नव्हे, आईचं दूध,
कातडीतून दिसणारं.
काचेवर ठेवलं तर नुसती वळवळ.
चौथ्या-पाचव्या दिवशी पुढचे पाय जागे झाले,
मागचे झोपलेलेच,
म्हणून पिल्लू स्वतःभोवती फिरत राहतं,
काट्यासारखं, कुठलीच वेळ न दाखवता.
वहीत लिहिते : मिनिटं पाच, वर्तुळं तीन.

आणि आत, हरभऱ्याएवढ्या मेंदूत,
तळाशी मोजक्या पेशींची एक वस्ती
वरच्या मजल्याकडे धागे सोडते आहे.
डोपामीन, नॉरअॅड्रिनालिन :
नावं तोंडभर, माल नॅनोग्रॅममध्ये.
कुणी रस्ता दाखवत नाही त्या धाग्यांना.
पोचतात.

दहाव्या-अकराव्या दिवशी पोट काचेवरून उचललं गेलं.
तेराव्याच्या रात्री डोळे उघडले;
आम्ही दोघंही तेव्हा घरी झोपलो होतो.
पंधराव्याला तिसऱ्या नंबरचं पिल्लू सुटलं ते सुटलंच,
टेबलाची कड आली तरी पाय थांबेनात.
कडेखाली इस्तारीचा हात होता.
कधीपासून होता, मी पाहिलं नव्हतं.

‘पयाले शिकलं, मॅडम,
थांबाले नाही शिकलं अजून.’

चार महिने जे मी वाचत होते
ते त्यानं भुशाची पाटी उचलता उचलता सांगितलं.
चालवणारी रसायनं आधी येतात.
आवरणारं अॅसिटिलकोलीन मागून,
लग्नघरी मांडव पडल्यावर पोचणाऱ्या मामासारखं.
मधले चार-पाच दिवस घरात कोणी मोठं नसतं.

याचा पडताळा असा :
आवरणाऱ्याला गप्प करणारी एक सुई असते.
दहा दिवसांच्या पिल्लाला दिली. काही फरक नाही.
जो आलाच नाही त्याचं तोंड कसं दाबणार?
विसाव्या दिवशी दिली,
आणि कोपऱ्यात मिशा पुसत बसलेलं शहाणं पिल्लू
पुन्हा पंधराव्या दिवसाचं झालं,
भिंत, भिंत, भिंत, भिंत.

विसावा.
मोजायलाही हाच शब्द, टेकायलाही हाच.
पेपर इंग्रजीत जाईल.
तिथे नुसता आकडा राहील, वीस.

त्यानंतरचं काम बर्फावर असतं.
त्याबद्दल मी घरी बोलत नाही.
इस्तारी त्या दिवशी डबा उघडत नाही,
पिंजरा धुतो, उन्हात पालथा घालतो,
नंबराची चिठ्ठी नखानं खरवडून काढतो.
एकदा विचारलं, वाईट वाटतं का?
म्हणाला, सतरा नंबर उद्या कोणाले द्यायचा ते सांगा.

रात्री साडेनऊला स्कूटर काढली.
रविनगर चौकात पिवळा लागला,
मागून दोन पोरं हॉर्न दाबत निघून गेली
आणि मी ब्रेक दाबलेला होता.
विचार न करता. पाय खाली टेकलेला.
डांबर अजून मऊच होतं.

हे मी कधी शिकले असेन?
कोणत्या घरात, कोणत्या ओट्याच्या कडेशी,
आणि खाली हात कोणाचा होता,
आई म्हणते, तिलाही आठवत नाही.